वैमानिकाचा चष्मा

चष्मा आणि विमान ही जोडी कानाला जरा विसंगतच वाटते, नाही का? एखाद्या शाळकरी मुलाला विचारावे, "मोठेपणी कोण होणार रे तू?" तो छाती पुढे काढून म्हणतो, "वैमानिक!" आणि त्याच्या नाकावर चष्मा असला, की शेजारचे काका लगेच म्हणणार, "अरे, चष्मेवाल्याला कोण विमान चालवू देतंय?" पोरगा बिचारा हिरमुसतो. काकांचे हे म्हणणे एके काळी सोळा आणे खरे होते. आज ते आठ आणेच खरे राहिले आहे. उरलेले आठ आणे कसकसे खोटे ठरत गेले, त्यासाठी किती माणसांना आपले डोळे, आणि कधी कधी आपले प्राणही, पणाला लावावे लागले, त्याची हकिकत आज सांगायची आहे. वैमानिकाच्या काळ्या चष्म्याची, म्हणजे ज्याला आपण गॉगल म्हणतो त्याची, गोष्टही याच हकिकतीत गुंफलेली आहे.

आधी ऱ्हस्वदृष्टी म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. जवळचे स्वच्छ दिसते, लांबचे अंधुक दिसते, ती ऱ्हस्वदृष्टी. डोळ्याचा गोल असावा त्यापेक्षा थोडा लांबट झाला, की लांबून येणारे किरण पडद्यावर न मिळता त्याच्या अलीकडेच मिळतात आणि चित्र पुसट होते. डोळ्यापुढे अंतर्गोल भिंग धरले, की ते किरण थोडे पसरून नेमके पडद्यावर मिळतात. हे गणित केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने १६०४ साली समजावून सांगितले. पण शास्त्र कळण्याआधीच कारागिरांना उपाय सापडला होता. पंधराव्या शतकात इटलीतील फ्लॉरेन्स शहरात अशी भिंगे तयार होत होती, आणि राफाएलने काढलेल्या पोप दहावा लिओ याच्या प्रसिद्ध चित्रात त्या धर्मगुरूच्या हातात असेच एक भिंग आहे. नजर मोजायची रीत मात्र फार उशिरा आली. १८६२ साली हेर्मान स्नेलन या डच नेत्रवैद्याने अक्षरांचा तक्ता तयार केला. दवाखान्याच्या भिंतीवर वरून खाली लहान लहान होत जाणारी अक्षरे आपण वाचतो, तो हाच तक्ता. सहा मीटरवरून जे दिसायला हवे ते सहा मीटरवरून दिसले, तर नजर ६/६. निर्दोष डोळ्याला नऊ मीटरवरून दिसणारे अक्षर वाचायला आपल्याला सहा मीटरपर्यंत जवळ यावे लागले, तर ती ६/९. अमेरिकेत हाच हिशेब फुटांत करतात आणि २०/२० म्हणतात. हे आकडे ध्यानात ठेवा. पुढे कित्येकांचे नशीब या आकड्यांवरच ठरणार आहे.

राइट बंधूंनी १९०३ साली पहिले उड्डाण केले, तेव्हा त्यांचे डोळे तपासायला कोणी डॉक्टर हजर नव्हता. १९१४ साली महायुद्ध पेटले, हजारो तरुण विमानांकडे धावले, आणि मग कोणाला घ्यायचे, कोणाला परत पाठवायचे, हा प्रश्न उभा राहिला. लष्करी डॉक्टरांनी तक्ता भिंतीला लावला. अमेरिकेत तर १९१८ साली न्यूयॉर्कजवळ मिनिओला येथे वैमानिकांच्या प्रकृतीचा अभ्यास करणारी खास प्रयोगशाळा निघाली, आणि तिच्या प्रमुखपदी विल्यम विल्मर हे त्या वेळचे नामांकित नेत्रवैद्य होते. प्रमुख म्हणून डोळ्यांचाच डॉक्टर नेमावा, यावरून डोळ्यांना केवढे महत्त्व दिले जात होते ते दिसते.

आणि त्यात वावगे काय होते? त्या काळची विमाने उघडी. वैमानिकाच्या तोंडावर बर्फासारखा वारा, इंजिनातून उडणारे एरंडेलाचे शिंतोडे, आणि शत्रूचे विमान म्हणजे दूरवर माशीएवढा ठिपका. तो ठिपका ज्याला आधी दिसला तो वाचला. नाकावरचा चष्मा अशा वेळी काय कामाचा? तो धुरकटणार, तेलाने माखणार, आणि वाऱ्यापासून बचाव करणारा मोठा गॉगल त्यावर नीट बसणारही नाही. म्हणून नियम सरळ होता: डोळा निसर्गाने दिलेला, तोच निर्दोष हवा. चष्म्याची भाषाच नको.

पण नियम सरळ असला, तरी माणसे सरळ नसतात, श्रोतेहो. इंद्रलाल रॉय यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. १८९८ साली कलकत्त्यात जन्मलेला हा मुलगा लंडनमध्ये शिकत होता. ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये त्याने अर्ज केला, आणि दृष्टी सदोष म्हणून तो फेटाळला गेला. दुसरा कोणी असता तर निमूट घरी परतला असता. हा मात्र लंडनच्या एका मोठ्या नेत्रतज्ज्ञाकडे गेला. त्या तपासणीची फी भरण्यासाठी त्याने आपली मोटारसायकल विकली, असे सांगतात. तज्ज्ञाने डोळे तपासले, निर्वाळा दिला, आणि पहिला निकाल फिरला. १९१७ च्या जुलैत तो अधिकारी झाला. त्याच वर्षी डिसेंबरात अपघातात जखमी होऊन त्याला पुन्हा अपात्र ठरवले गेले. तरी तो पुन्हा खटपट करून आघाडीवर परतला. १९१८ च्या जुलैत, ६ ते १९ या तारखांदरम्यान, त्याच्या नावावर दहा हवाई विजय नोंदले गेले. आणि २२ जुलैला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, फ्रान्सच्या आकाशात तो पडला. मरणोत्तर त्याला 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हे पदक मिळाले. पहिल्या महायुद्धात उडणाऱ्या मोजक्या हिंदी वैमानिकांत मुंबईचे वेलिंगकरही होते, आणि तेही १९१८ सालीच कामी आले. रॉय यांचे भाचे सुब्रतो मुखर्जी पुढे १९५४ साली आपल्या हवाईदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, ही गोष्टही जाता जाता सांगण्याजोगी.

आता पाहा, डोळे तेच, माणूस तोच. एका डॉक्टरने 'नाही' म्हटले, दुसऱ्याने 'हो' म्हटले. मग दोष कुठे होता, डोळ्यात की मोजमापात? हा प्रश्न त्या वेळी कोणी मोठ्याने विचारला नाही, पण तो तेव्हाच जन्माला आला होता.

अमेरिकेतही असेच घडले. विल्यम थॉ हे फ्रेंच हवाईदलात लढणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या तुकडीतील जुने, कसलेले वैमानिक. त्यांची एका डोळ्याची दृष्टी नियमाच्या मानाने फारच उणी होती. १९१८ च्या सुमारास हे वैमानिक अमेरिकेच्या स्वतःच्या हवाई सेवेत दाखल होऊ लागले, तेव्हा डॉक्टरी तपासणीत त्यांच्यातले कित्येक नापास! ज्यांनी दोन-दोन वर्षे लढाईत विमाने चालवली, ते कागदावर वैमानिक व्हायला नालायक ठरले. शेवटी नियमाला मुरड घालावी लागली, आणि थॉ एका तुकडीचे प्रमुख झाले.

पण नियमाची खरी परीक्षा पाहिली ती वायली पोस्टने. ओक्लाहोमाच्या तेलविहिरींवर काम करणारा हा मजूर. १९२६ साली कामावर असताना धातूची कपची उडून डाव्या डोळ्यात गेली आणि तो डोळा कायमचा गेला. नुकसानभरपाई म्हणून काही पैसे मिळाले. त्या पैशांचे त्याने काय करावे? विमान विकत घेतले! एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून त्याने स्वतःच स्वतःची शिकवणी लावली. दूरचे झाड पाहायचे, किती अंतरावर असेल त्याचा मनाशी अंदाज बांधायचा, आणि मग पावले मोजत जाऊन ताळा करायचा. असे दिवसेंदिवस. १९३१ साली त्याने हॅरल्ड गॅटी या जोडीदारासह नऊ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि १९३३ साली एकट्याने तीच फेरी आठ दिवसांच्या आत पुरी केली. एकट्याने विमानातून पृथ्वीला फेरी घालणारा जगातला पहिला माणूस एका डोळ्याचा होता. १९३५ साली अलास्कात विमान कोसळून तो गेला. त्याच्या उदाहरणाने सगळे नियम निकालात निघाले असे नव्हे. लाखात एखादाच पोस्ट असतो, आणि नियम करावे लागतात ते उरलेल्यांसाठी. पण एक गोष्ट सिद्ध झाली. डोळा कसा आहे हा एक प्रश्न, आणि माणसाला दिसते कसे हा दुसरा प्रश्न.

आता थोडे काळ्या चष्म्याकडे वळू. जमिनीवर ऊन वरून येते. त्याला अडवायला निसर्गाने आपल्याला भुवया दिल्या आहेत, आपण वर टोपी घालतो, हाताचा आडोसा करतो. पण ढगांच्या वर गेलेल्या वैमानिकाला उजेड येतो तो खालून. पांढऱ्याशुभ्र ढगांवरून परतणारा तो झगझगाट भुवयांना चुकवून सरळ डोळ्यांत शिरतो. आणि गंमत अशी, की वरचे आकाश जसजसे उंच जावे तसतसे काळसर होत जाते आणि समोरची घड्याळे, म्हणजे विमानाची उपकरणे, सावलीत पडतात. बाहेर लखलखाट, आत अंधार, आणि नजर क्षणाक्षणाला एकीकडून दुसरीकडे न्यायची. डोळ्यांचे काय हाल होत असतील!

डोळ्यांच्या हालांची एक भयंकर कथा २७ फेब्रुवारी १९२० या दिवसाची आहे. अमेरिकन लष्कराचे चाचणी-वैमानिक रुडॉल्फ श्रोडर हे उंचीचा विक्रम करण्यासाठी डेटन गावाजवळच्या मॅककुक मैदानावरून उडाले आणि ३३,००० फुटांच्या वर गेले. विमान उघडे, थंडी हाडे गोठवणारी. प्राणवायू संपत आला, गॉगल धुरकटला, म्हणून त्यांनी तो क्षणभर वर सरकवला. तेवढ्यात डोळ्यांतला ओलावा गोठला! शुद्ध हरपली आणि विमान काही मैल सरळ खाली आले. जमीन जवळ आल्यावर त्यांना कशीबशी शुद्ध आली आणि जवळजवळ आंधळ्या अवस्थेत त्यांनी विमान मैदानात उतरवले. लोक धावत गेले, तेव्हा ते आपल्या जागेवर बसलेलेच होते, डोळ्यांवर बर्फ. त्याच मैदानावर जॉन मॅकरेडी नावाचे दुसरे चाचणी-वैमानिक होते. पुढे बाउश अँड लोम या भिंगे बनवणाऱ्या कंपनीशी बोलून, झगझगाट अडवणारा पण पाहायला अडथळा न करणारा चष्मा तयार करवण्याचे श्रेय मॅकरेडी यांना दिले जाते. हिरवट काचांचा तो चष्मा १९३७ साली 'रे-बॅन', म्हणजे किरणबंदी, या नावाने बाजारात आला. काचेचा आकार आसवाच्या थेंबासारखा, खाली रुंदावलेला. तो शोभेसाठी नव्हे, बरं का. उपकरणे पाहायला वैमानिक नजर खाली नेतो, तेव्हाही डोळ्याची सगळी खोबण झाकलेली राहावी, एवढाच हेतू. दुसऱ्या महायुद्धात जनरल मॅकआर्थर काळा चष्मा लावून फिलिपीन्सच्या किनाऱ्यावर उतरतानाची छायाचित्रे जगभर गेली आणि वैमानिकाचे हत्यार बाजारातली चैन होऊन बसले. आपल्याकडच्या सिनेमातल्या नायकांनी मग त्याचे काय केले, ते मी सांगायला नको.

युद्धाने डोळ्यांच्या बाबतीत आणखी एक अजब देणगी दिली. १५ ऑगस्ट १९४० या दिवशी गॉर्डन क्लीव्हर हा ब्रिटिश वैमानिक हरिकेन विमानातून लढत होता. त्या दिवशी त्याने गॉगल लावलेला नव्हता. गोळ्यांनी विमानाचे पारदर्शक छप्पर फुटले आणि पर्स्पेक्स नावाच्या त्या प्लॅस्टिकच्या कपच्या त्याच्या दोन्ही डोळ्यांत घुसल्या. हवाई छत्रीने तो खाली उतरला, त्याच्यावर कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या. एका डोळ्याची दृष्टी गेलीच. अशा जखमी वैमानिकांचे डोळे पाहताना हॅरल्ड रिडली या नेत्रवैद्याच्या एक गोष्ट ध्यानात आली: काचेचा कण डोळ्यात राहिला तर डोळा चिडतो, लाल होतो, पण हे प्लॅस्टिक डोळा निमूट सहन करतो. मग मोतीबिंदू काढल्यावर रिकाम्या झालेल्या जागी याच पदार्थाचे भिंग का बसवू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी तसे भिंग पहिल्यांदा बसवले. वैद्यकीय जगाने त्यांची वर्षानुवर्षे हेटाळणी केली. आज काय चित्र आहे? आपल्या घरातल्या आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन सकाळी होते आणि दुसऱ्या दिवशी ती नातवंडांना ओळखते, ते याच भिंगामुळे. मदुरेच्या ऑरोलॅबमध्ये १९९२ पासून ही भिंगे स्वस्तात तयार होऊ लागली आणि गरिबाच्याही आवाक्यात आली. आणि क्लीव्हर? १९८७ साली त्याच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तेव्हा त्यालाही तेच भिंग बसवण्यात आले. ज्याच्या जखमेतून शोध लागला, त्यालाच शेवटी त्या शोधाने दृष्टी दिली.

युद्धानंतर विमाने बदलली. डोक्यावर बंद छप्पर आले, आत ऊब आली, वारा आणि तेल गेले. चष्म्याविरुद्धची जुनी कारणे एकेक करून गळून पडली. मग नागरी विमानवाहतुकीच्या नियमांतही हळूहळू मूळ प्रश्न बदलला. 'डोळा निर्दोष आहे का' याऐवजी 'चष्म्यासह का होईना, नीट दिसते का' असे विचारले जाऊ लागले. आज आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेचा व्यावसायिक वैमानिकांसाठीचा दंडक असा आहे: चष्म्याने किंवा चष्म्याशिवाय प्रत्येक डोळा निदान ६/९, आणि दोन्ही मिळून ६/६. चष्म्याशिवाय किती दिसते, याला मर्यादा नाही. मात्र अट अशी, की चष्मा लागत असेल तर उडताना तो लावलाच पाहिजे आणि दुसरा तसाच चष्मा हाताशी तयार पाहिजे. लढाऊ हवाईदलांच्या अटी अजूनही कडक आहेत, आणि त्यालाही कारण आहे. विमान जोराने वळते तेव्हा प्रत्येक वस्तूचे वजन वाढते. पाचपट वजन झाले, तर तीस ग्रॅमचा चष्मा दीडशे ग्रॅमचा होतो आणि नाकावरून घसरू लागतो. म्हणून म्हटले, काकांचे म्हणणे आठ आणे अजून खरे आहे.

चष्मा नको असेल त्याच्यासाठी दुसरी वाट म्हणजे थेट बुबुळावर बसणारे भिंग, कॉन्टॅक्ट लेन्स. प्राग शहरातील ओटो विख्टर्ले या रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात, मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रावर मऊ भिंगे तयार केली. १९७६ च्या अखेरीस अमेरिकेने नागरी वैमानिकांना अशी भिंगे वापरायला सर्रास परवानगी दिली. ही भिंगे चौकटीविना सगळीकडे दिसू देतात, धुरकटत नाहीत. पण उंचावरच्या विमानातली हवा फार कोरडी असते, भिंग सुकते, डोळ्यात खुपते, आणि एखादे निसटले तर ते शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून भिंगे लावणाऱ्यानेही खिशात चष्मा ठेवलाच पाहिजे.

भिंगांच्या निवडीत चूक झाली तर काय होते, त्याचा धडा १९ ऑक्टोबर १९९६ रोजी मिळाला. चाळिशी लागली, की जवळचे दिसेनासे होते. ऱ्हस्वदृष्टी असली तरी चाळिशी कोणाला चुकत नाही. यावर एक युक्ती निघाली होती: एका डोळ्यात लांबचे भिंग, दुसऱ्यात जवळचे. मेंदू आपला हवे ते चित्र घेतो. दुकानात, कचेरीत ही युक्ती चालून जाते. त्या दिवशी डेल्टा कंपनीचे विमान न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर उतरत होते. खाली पाणी, पाऊस, धुके, उजेड बेताचा, धावपट्टीच्या दिव्यांमधली अंतरे असमान. कप्तानाच्या डोळ्यांत अशीच दोन प्रकारची भिंगे होती. दोन्ही डोळ्यांनी मिळून खोलीचा जो अंदाज येतो, तो त्यामुळे उणा पडला. विमान आहे त्याहून उंच आहे असे त्याला भासले. ते धावपट्टीच्या अलीकडच्या दिव्यांच्या सांगाड्यावर आदळले, चाके तुटली आणि विमान घसरत गेले. आत ६३ माणसे होती. दैव बलवत्तर म्हणून कोणी दगावले नाही. चौकशी मंडळाने या भिंगांकडेच बोट दाखवले. त्यानंतर अमेरिकेतील वैमानिकांच्या वैद्यकीय अर्जावर एक सरळ प्रश्न छापला गेला: उडताना तुम्ही जवळच्या नजरेची भिंगे कधी वापरता का? वायली पोस्टने एका डोळ्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि इथे दोन डोळे असून विमान आपटले, हे कसे? पोस्टला आपले उणे माहीत होते आणि पावले मोजून त्याने ते भरून काढले होते. या कप्तानाचे उणे भिंगांत लपलेले होते. जे उणे माहीत नाही, तेच घात करते.

तिसरी वाट शस्त्रक्रियेची. १९७० च्या दशकात मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी बुबुळावर सुरीने किरणांसारख्या चिरा देऊन नंबर घालवायची पद्धत पुढे आणली. पण चिरा दिलेले बुबुळ उंचावरच्या विरळ हवेत आकार बदलते. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर गेलेल्या बेक वेदर्स या अमेरिकन डॉक्टरला याच कारणाने वर दिसेनासे झाले आणि तो मरता मरता वाचला. पुढे लेसर आला. चिरा देण्याऐवजी बुबुळाचा पातळ थर घडवून नंबर काढला जाऊ लागला. अमेरिकन नौदलाने १९९० च्या दशकात आपल्या माणसांवर त्याचा कसून अभ्यास केला, आणि २००७ साली नासानेही अशा शस्त्रक्रिया झालेल्यांना अंतराळवीर म्हणून अर्ज करायला मोकळीक दिली. तरीही डोळा बरा व्हायला वेळ द्यावा लागतो, काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात, आणि नियमांच्या अटी पाळाव्या लागतात. आधी शस्त्रक्रिया आणि मग नियम वाचायचे, हा उलटा क्रम ज्याने धरला तो फसला.

आणि एक गंमत सांगतो. ज्याचे डोळे अगदी ६/६ आहेत, तोही आकाशात ऱ्हस्वदृष्टी होतो! समोर नुसते निळे, रिकामे आकाश असले, की डोळ्याला टेकायला काही मिळत नाही, आणि तो आपोआप जवळच्या, साधारण हातभर-दोन हातांच्या, अंतरावर नजर लावून बसतो. १९५० च्या दशकात व्हाइटसाइड या ब्रिटिश संशोधकाने याचा सविस्तर अभ्यास केला. म्हणून जाणते वैमानिक नवख्यांना सांगतात, मधून मधून दूरच्या ढगाच्या कडेकडे किंवा पंखाच्या टोकाकडे पाहून घ्या. रात्रीच्या अंधारातही कित्येकांची नजर अशीच अलीकडे सरकते. मॅस्केलाइन या राजज्योतिष्याने ही गोष्ट अठराव्या शतकातच नोंदवली होती. तेव्हा श्रोतेहो, निर्दोष डोळा हा जमिनीवरचा शब्द आहे. वर गेल्यावर थोडेफार उणे सगळ्यांच्याच वाट्याला येते.

मग आजच्या चष्मेवाल्या वैमानिकाने निवड कशी करावी? इतिहासानेच त्याची उत्तरे देऊन ठेवली आहेत. चौकट हलकी हवी, आणि काड्या सरळ, सडपातळ हव्यात, म्हणजे कानांवरच्या श्रवणयंत्राखाली त्या टोचत नाहीत आणि इंजिनाचा आवाजही आत शिरत नाही. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकाच्या अखेरीस जो चष्मा ठरवला, त्याच्या काड्या कानामागे न वळणाऱ्या, सरळ होत्या, त्या शिरस्त्राण न काढता घालता याव्यात म्हणूनच. चंद्रावर गेलेल्या पहिल्या तुकडीनेही त्याच जातीचे चष्मे नेले होते.

काळ्या काचेचा रंग राखाडी हवा. राखाडी काच सगळे रंग सारखेच मंद करते, तांबडा दिवा तांबडाच दिसतो आणि हिरवा हिरवाच. गडद पिवळ्या-निळ्या काचा रंगांची फसगत करतात. काळेपणालाही मर्यादा हवी. शंभर भागांपैकी साधारण पंधरा भाग उजेड आत आला पाहिजे, त्याहून काळी काच उपकरणे दिसू देत नाही. पाण्यावरची चकाकी मारणाऱ्या पोलरॉइड काचा मोटारवाल्याला उत्तम, पण वैमानिकाला वर्ज्य. एक तर समोरच्या पडद्यांवरचे आकडे त्यातून मान कलती केली की काळे पडतात. दुसरे म्हणजे विमानाच्या समोरच्या काचेवर रंगीत ठिपके दिसू लागतात. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे: दुसऱ्या विमानावरून उन्हाची जी तिरीप चमकते, ती पाहूनच पुष्कळदा ते विमान ध्यानात येते. ती चकाकीच मारली, तर धोका दिसायचा कसा? उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचाही विमानात फसतात. त्यांना काळे व्हायला अतिनील किरण लागतात, आणि विमानाची काच ते बव्हंशी अडवते. शिवाय ढगात शिरल्यावर त्या लगेच पांढऱ्या होत नाहीत.

ऱ्हस्वदृष्टी वैमानिकाने आणखी एक पथ्य पाळावे. काळा चष्माही आपल्याच नंबराचा करून घ्यावा. बाजारातला नुसता गॉगल लावून, नंबराचा चष्मा पेटीत ठेवून उडणे म्हणजे ऊन टाळून आंधळेपणा पत्करणे. आणि चाळिशी लागली असेल, तर डोक्यावरच्या कळा वाचण्यासाठी वरच्या बाजूलाही जवळचे भिंग असलेला चष्मा मिळतो, हे चष्मेवाल्याला आवर्जून सांगावे. दुकानदाराला विमानाच्या आतली रचना काय माहीत? आपण खुर्चीत बसून, कोणते उपकरण डोळ्यापासून किती अंतरावर आहे ते मोजून न्यावे. आणि दिवसभर उन्हात डोळे उघडे ठेवू नयेत. भर उन्हात दिवस काढला तर रात्री डोळे अंधाराला सरावायला फार वेळ घेतात, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दिसून आले आहे.

इंद्रलाल रॉय यांना नियमाने नाकारले, तेव्हा तक्ता एकच प्रश्न विचारत होता, हा डोळा कसा आहे? शंभर वर्षांत तो प्रश्न बदलत बदलत असा झाला, की या माणसाला स्वतःची नजर ठाऊक आहे का, आणि तिची तो काळजी घेतो का? हा बदल मोठा आहे, आणि त्यामुळे कित्येक तरुणांना आकाशाची दारे उघडली. पण नियम सैल झाला तसे वैमानिकावरचे ओझे वाढले. पूर्वी डॉक्टरने एकदा शिक्का मारला, की काम संपत होते. आता रोज उड्डाणाआधी त्याने स्वतःच स्वतःला तपासायचे आहे. त्याच्या पाठीमागे दीडशे-दोनशे माणसे डोळे मिटून निर्धास्त बसलेली असतात. ती निर्धास्त बसतात, कारण पुढे कोणीतरी डोळ्यांत तेल घालून पाहतो आहे, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. ते गृहीत खरे ठेवायचे, तर नाकावर एक आणि खिशात एक, असे दोन चष्मे फार नव्हेत.